पोपटातला जीव, दगडातलं अमृत: अमर करणाऱ्या वस्तूंबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात फॅन्टसीतल्या जादूच्या वस्तूंबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं. तलवारी, आरसे, उडणारे गालिचे असं काय काय येईल असं वाटलं होतं, पण बहुतेक पत्रं एकाच गोष्टीवर येऊन थांबली, ती म्हणजे मरणच येऊ नये म्हणून वापरायची वस्तू. म्हणून हा अख्खा अंक त्यालाच देतेय. ज्यांनी पुस्तकं वाचलेली नाहीत त्यांनी आधीच सावध व्हा, शेवट सांगितल्याशिवाय यातली उत्तरं देताच येत नाहीत.

प्रश्न: ताई, हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकात खलनायक व्होल्डेमॉर्ट तो पारसदगड मिळवायला जिवाचं रान करतो. पण सहाव्या पुस्तकात कळतं की त्याने हॉरक्रक्स केव्हाच बनवून ठेवलेत. म्हणजे तो ऑलरेडी अमर होता ना? मग दगड कशाला? माझा मित्र म्हणतो हा सरळसरळ प्लॉट होल आहे. (कॉलेजचा विद्यार्थी, नाशिक)

उत्तर: प्लॉट होल नाहीये रे, उलट मला तर त्या सगळ्या सिरीजमधली ही सगळ्यात नीट विचार केलेली जागा वाटते. दोन्ही वस्तू अमर करतात, पण दोघींचं काम वेगळं आहे. हॉरक्रक्स म्हणजे आत्म्याचा तुकडा बाहेर काढून एखाद्या वस्तूत लपवायचा, आणि तो तुकडा काढायला खून करावा लागतो. त्याने होतं काय, तर शरीर गेलं तरी माणूस पूर्ण जात नाही. पण शरीर वाचवायची गॅरंटी हॉरक्रक्स देत नाही! हॅरीवर टाकलेला शाप उलटल्यावर व्होल्डेमॉर्ट मेला नाही हे खरं, पण उरलं काय होतं, तर शरीर नसलेलं काहीतरी, जे दुसऱ्याच्या अंगात शिरून दिवस काढत होतं. त्याला दगड हवा होता तो शरीर परत मिळवायला.

आणि दगडाची गंमत अशी की दगड स्वतः कोणाला अमर करतच नाही. त्याच्यापासून एक अमृतासारखं औषध बनतं आणि ते सतत पीत राहावं लागतं. थांबलात की संपलं. हा दगड बनवणारा निकोलस फ्लामेल त्या पुस्तकात ६६५ वर्षांचा आहे आणि त्याची बायको पेरेनेल ६५८ वर्षांची. शेवटी दगड नष्ट करायचं ठरतं तेव्हा त्यांच्याकडे थोडं औषध शिल्लक असतं, व्यवहार मार्गी लावण्यापुरतं, आणि मग ते दोघं मरणार हे शाळेचा हेडमास्तर डम्बलडोर अगदी शांतपणे हॅरीला सांगतो. सहाव्या पुस्तकात तोच हेही समजावतो की व्होल्डेमॉर्टसारख्या माणसाला रोजच्या औषधावर अवलंबून राहणं कधीच पटलं नसतं, कारण औषध कोणी चोरलं, कोणी विष घातलं तर? म्हणून त्याला दगड फक्त तेवढ्यापुरता हवा होता, कायमचा भरवसा मात्र हॉरक्रक्सवर.

जाता जाता, फ्लामेल खरा माणूस होता हं. पॅरिसमध्ये हस्तलिखितांचा धंदा करायचा, १४१८ साली वारला. त्याने १४०७ मध्ये बांधलेलं घर पॅरिसमध्ये आजही उभं आहे आणि त्याच्या थडग्यावरचा दगड तिथल्या क्लुनी म्युझियममध्ये ठेवलाय. जिवंत असताना त्याचं किमयेशी, म्हणजे साध्या धातूचं सोनं करायच्या विद्येशी, काही नातं असल्याचा पुरावा नाही, पण १६१२ मध्ये त्याच्या नावावर एक किमयेचं पुस्तक छापलं गेलं आणि तिथून पुढे तो दंतकथेत गेला तो गेलाच.

प्रश्न: हॉरक्रक्सची आयडिया आपल्या "राक्षसाचा जीव पोपटात" वरून उचललीय असं आमच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणतात. आपलं सगळं हे लोक नेतात आणि आपल्याला क्रेडिट पण देत नाहीत. तुम्हाला काय वाटतं? (नोकरदार वाचक, पिंपरी)

उत्तर: मला वाटतं उचलली नाहीये, पण तुमच्या प्रश्नात एक धागा अगदी खरा आहे आणि तो आपल्या दख्खनमधूनच जातो, म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबते.

१८६५ च्या हिवाळ्यात मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रियर दख्खनच्या दौऱ्यावर निघाला होता आणि त्याची मुलगी मेरी त्याच्यासोबत होती. छावणीत तिच्या सोबतीला दुसरी बाई म्हणजे तिची आया, ॲना लिबेराता डिसूझा. ॲनाच्या घरचे मूळचे लिंगायत, पुढे गोव्याकडे येऊन ख्रिश्चन झालेले. वाट लांबलचक, म्हणून मेरीने तिला गोष्टी सांगायला लावल्या आणि आजीकडून ऐकलेल्या गोष्टी ॲना सांगत गेली. त्यांचं पुस्तक १८६८ मध्ये लंडनला 'ओल्ड डेक्कन डेज' नावाने छापलं गेलं. आणि त्यातली पहिलीच गोष्ट कुठली असेल? पोपटाची!

पंचकीन नावाचा जादूगार बालना नावाच्या राणीला बारा वर्षं कोंडून ठेवतो, माझ्याशी लग्न कर म्हणून मागे लागतो. तिचा मुलगा मोठा होऊन तिला शोधत येतो. मग ती जादूगाराला गोडीगुलाबीने विचारते, तुम्ही खरंच अमर आहात का हो, तुम्हाला मरण शिवतच नाही का? तो फुशारून सांगून टाकतो: इथून लाखो मैलांवर घनदाट जंगल आहे, जंगलाच्या मधोमध ताडाच्या झाडांचं रिंगण, रिंगणाच्या मध्यावर पाण्याने भरलेल्या सहा घागरी एकावर एक, सहाव्या घागरीखाली छोटा पिंजरा, पिंजऱ्यात हिरवा पोपट, आणि त्या पोपटात माझा जीव. मुलगा निघतो, वाटेत गरुडाच्या पिल्लांना सापापासून वाचवतो, तीच पिल्लं त्याला पाठीवर बसवून तिथे नेतात. पोपट हातात घेऊन तो परत येतो आणि जादूगारासमोर पोपटाचा एक पंख उपटतो, त्याबरोबर जादूगाराचा उजवा हात गळून पडतो. दुसरा पंख, दुसरा हात. मग पाय. जादूगार जमिनीवर पडून "माझा पोपट दे" म्हणत राहतो. शेवटी पोपटाची मान.

लहानपणी ही गोष्ट ऐकून ज्यांची झोप उडाली असेल त्यांना मी अजिबात हसणार नाही.

आता धागा पुढे बघा. १८९० मध्ये जेम्स फ्रेझरने 'द गोल्डन बाउ' हा प्रचंड ग्रंथ लिहिला, त्यात शरीराबाहेर ठेवलेल्या जिवावर सविस्तर लिहिताना त्याने ॲनाची हीच पंचकीनची गोष्ट घेतली. म्हणजे या कल्पनेचा जगभर अभ्यास झाला त्यात दख्खनच्या एका आयाने सांगितलेली गोष्ट अगदी पुढे होती. क्रेडिट द्यायचंच असेल तर मला ते "आपल्याला" देण्यापेक्षा ॲना लिबेराता डिसूझाला द्यायला जास्त आवडेल, तिचं नाव आपल्याकडे किती जणांना माहीत आहे?

पण कल्पना फक्त आपली आहे असं म्हणता येत नाही. रशियात कोशेई आहे, त्याचं मरण सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत, पेटी बेटावरच्या ओकच्या झाडाखाली. नॉर्वेत एक राक्षस आहे ज्याचं काळीज तळ्यातल्या बेटावर, बेटावरच्या चर्चमध्ये, चर्चमधल्या विहिरीत पोहणाऱ्या बदकाच्या अंड्यात. तो आधी राजकन्येला खोटं सांगतो की काळीज उंबऱ्याखाली आहे, तर ती उंबरा फुलांनी सजवते, मग म्हणतो कपाटात आहे, ती कपाट सजवते, आणि एवढं प्रेम बघून तो खरं सांगून बसतो. आणि इजिप्तमध्ये तर सुमारे ३२०० वर्षांपूर्वीचा एक पपायरस आहे, सध्या ब्रिटिश म्युझियममध्ये, त्यात बाता नावाचा तरुण आपलं काळीज झाडाच्या फुलावर ठेवतो, झाड तोडलं की तो मरतो, मग भाऊ वर्षानुवर्षं शोधून ते काळीज मिळवतो आणि पाण्यात ठेवून त्याला जिवंत करतो. इतकी पसरलेली गोष्ट कोणी कोणाकडून चोरली हे ठरवत बसण्यात अर्थ नाही. लोककथांच्या अभ्यासकांनी तर त्यांच्या यादीत हिला स्वतंत्र नंबरच दिलाय, ३०२.

हॉरक्रक्समध्ये नवीन काय, तर किंमत. पंचकीनला पोपटात जीव ठेवताना काही मोजावं लागलं असं गोष्टीत कुठेच येत नाही. व्होल्डेमॉर्ट मात्र दर तुकड्यागणिक माणूसपणातून थोडा थोडा बाद होत जातो, चेहरासुद्धा बदलत जातो. आणि जीव सात ठिकाणी वाटला म्हणून मारायचं काम सातपट. ही भर लेखिकेची स्वतःची आहे आणि ती भारीच आहे.

प्रश्न: लॉर्ड ऑफ द रिंग्समधली अंगठी घातली की माणूस अमर होतो का? गोल्लम पाचशे वर्षं जगतो, बिल्बो म्हातारा दिसत नाही, पण मग बिल्बो नंतर एकदम म्हातारा कसा होतो? मूव्ही बघून कन्फ्यूजन झालं. (वाचक, कोल्हापूर)

उत्तर: होत नाही, आणि टॉल्कीनने हे फार बारकाईने रचलंय. अंगठी नवीन आयुष्य देत नाही, जे आहे तेच ओढून ओढून लांबवते. गोल्लमकडे ती ४७८ वर्षं होती, बिल्बोकडे ६०. बिल्बो १११ व्या वाढदिवसाला पन्नाशीत होता तसाच दिसतो आणि शेजारीपाजारी म्हणतात काय तब्येत राखलीय, पण तो स्वतः जादूगार गॅन्डाल्फला सांगतो की आतून मला विरळ झाल्यासारखं वाटतंय, ताणल्यासारखं. लांबलंय पण वाढलं नाहीये, हे त्याला जाणवतंय. त्याने अंगठी सोडली की वय आपली बाकी वसूल करायला लागतं, आणि अंगठी ज्वालामुखीत वितळल्यावर तर तो अगदी थकलेला, बसल्या बसल्या डुलक्या घेणारा म्हातारा होतो. तरी १३१ पर्यंत पोचतो, त्याच्या हॉबिट जमातीतल्या सगळ्यात दीर्घायुषी म्हाताऱ्याला मागे टाकून.

माणसांच्या राजांना दिलेल्या नऊ अंगठ्यांचं तर अजून वाईट. ते राजे मरत नाहीत, फिकट होत होत दिसेनासेच होतात आणि मुख्य अंगठी घडवणाऱ्या सॉरॉनचे गुलाम बनून राहतात. आणि सॉरॉन स्वतः? तो मुळातच न मरणाऱ्यांपैकी, त्याला अमर व्हायला अंगठी नकोच होती. त्याने आपली ताकद तिच्यात ओतली ती बाकीच्यांवर हुकूम चालवायला. म्हणून अंगठी गेल्यावर तो मरत नाही, पण पुन्हा कधी उभा राहू शकणार नाही इतका क्षीण होतो. पोपटाच्या गोष्टीशी हे जुळतं असं वाटतं खरं पण पंचकीनने जीव लपवला होता तो वाचवायला, सॉरॉनने ताकद बाहेर काढली ती वापरायला. मला सॉरॉनचं जास्त भीतीदायक वाटतं.

प्रश्न: आमच्याकडे दिवाळीत अस्तंब्याची यात्रा असते, अश्वत्थामा तिथे अजून फिरतो असं जुनी माणसं सांगतात. त्याच्या कपाळावरच्या मण्यामुळे तो अमर झाला का? गेममध्ये तर मणी म्हणजे पॉवर दाखवतात. (शिक्षक, नंदुरबार जिल्हा)

उत्तर: सर, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण इथे सगळं उलटं आहे. महाभारतात सौप्तिक पर्वात मण्याबद्दल अश्वत्थामा स्वतःच सांगतो की हा अंगावर असला की शस्त्राची, रोगाची, भुकेची भीती नाही, देव दानव नाग कोणाचीच नाही. म्हणजे मणी हे कवच आहे. अमर करतो असं तो म्हणत नाही. न मरणं येतं ते कृष्णाच्या शापातून: तीन हजार वर्षं एकटा, कोणाशी बोलणं नाही, अंगातून रक्त-पू वाहतोय, असा रानोमाळ फिरशील. आणि मणी तर पांडवांना द्यावा लागतो, भीम तो द्रौपदीकडे नेतो आणि तिच्या म्हणण्यावरून युधिष्ठिर मस्तकावर धारण करतो.

म्हणजे बघा ना, सांभाळणारी वस्तू गेली आणि आयुष्य उरलं. बाकी बहुतेक गोष्टींत वस्तू गेली की माणूस मरतो. इथे वस्तू गेल्यामुळे तो मरू शकत नाही याचीच शिक्षा होते. आणि मूळ शापात मुदत आहे, कायमचा अमर तो सात चिरंजीवांच्या श्लोकात आणि लोकांच्या बोलण्यात झाला. जखमेवर लावायला तेल मागत फिरतो ही गोष्ट तर सातपुड्यातच नव्हे, कुठे कुठे सांगतात. गेमवाल्यांनी मण्याला पॉवर म्हणून दाखवलं तर ते चूक नाही, पण मुलांना वर्गात सांगाल तेव्हा मणी काढल्यानंतरचा भाग नक्की सांगा.

प्रश्न: माझी मुलगी दहा वर्षांची आहे. तिचे आजोबा मार्चमध्ये गेले. तेव्हापासून ती विचारते की गोष्टीतला तो दगड किंवा ते पाणी खरंच कुठे असतं का, असतं तर आजोबांना का नाही दिलं. अशी पुस्तकं तिला वाचायला देऊ की बंद करू, कळत नाही. (आई, ठाणे)

उत्तर: बंद करू नका. ती पुस्तकातून तोच प्रश्न विचारतेय जो तिला आजोबांबद्दल विचारायचाय आणि पुस्तक काढून घेतलं तर विचारायची जागाच जाईल. असा दगड, असं पाणी नसतं हे मात्र तिला साधं आणि स्पष्ट सांगा. "देवाने नाही दिलं" किंवा "आपल्याला मिळालं नाही" असं नको, त्याने ते कुठेतरी आहे आणि आपण आणायला कमी पडलो असं तिच्या मनात राहील. नाहीये, कोणाकडेच नाहीये, म्हणून आजोबांना देता आलं नाही, एवढं पुरे.

आणि जमलं तर नॅटली बॅबिटचं 'टक एव्हरलास्टिंग' तिच्यासोबत बसून वाचा, १९७५ चं आहे, इंग्रजी सोपं आहे, अवघड वाटलं तर तुम्ही मराठीत सांगत सांगत वाचा. त्यातली विनी पण दहाच वर्षांची आहे. जंगलातल्या एका झऱ्याचं पाणी प्यायलेलं एक कुटुंब तिला भेटतं, ते कोणी म्हातारेच होत नाहीत. त्यातला बाप तिला होडीतून तळ्यावर नेतो आणि पाणी कसं वाहतं, ढग होतं, परत येतं, आणि आम्ही मात्र काठाला अडकल्यासारखे आहोत, असं समजावतो. त्यांचा धाकटा मुलगा तिला पाण्याची बाटली देतो, सतरा वर्षांची झालीस की पी म्हणतो. ती पीत नाही, एका बेडकावर ओतते. खूप वर्षांनी ते कुटुंब गावात येतं तेव्हा तिची कबर सापडते, १८७० ते १९४८, चांगली बायको, चांगली आई. शेवटची पानं वाचताना तुम्ही स्वतः तिच्या जवळ बसा, तिला एकटीला देऊ नका. रडली तर रडू द्या. मला वाटतं तिला आजोबांबद्दल बोलायचंय आणि तुम्हालाही.

प्रश्न: डोरियन ग्रे अमर असतो का? पैज लागलीय. (वाचक, पुणे)

उत्तर: नाही, पैज हरलात किंवा जिंकलात जे असेल ते. ऑस्कर वाइल्डची ती कादंबरी १८९० मध्ये आधी मासिकात आणि पुढच्या वर्षी पुस्तक म्हणून आली. त्याचं एक चित्र काढलेलं असतं, ते त्याचं वय आणि पापं स्वतःवर घेतं, तो तरुण दिसत राहतो इतकंच. मरणातून सूट त्याला कुठेच मिळालेली नाही, बंदूक रोखली जाते तेव्हा तो घाबरतोच. आणि शेवटी चित्रावर सुरी चालवतो आणि स्वतःच मरून पडतो, नोकरांना अंगठ्यांवरून ओळख पटते.

प्रश्न: अमर करणारी सगळ्यात जुनी वस्तू कुठली? (आठवीतला वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: लिहून ठेवलेल्यांपैकी खूप जुनी म्हणजे गिल्गामेशची वनस्पती. मेसोपोटेमिया म्हणजे आजच्या इराकमधलं महाकाव्य, मातीच्या विटांवर कोरलेलं. मित्र एन्किदू मेल्यावर गिल्गामेश मरणाला इतका घाबरतो की जगाच्या टोकापर्यंत जातो. तिथे त्याला कळतं की समुद्राच्या तळाशी एक काटेरी वनस्पती आहे, जिने म्हातारा परत तरुण होतो. तो पायांना दगड बांधून तळाशी जातो, काटे टोचत असताना ती उपटून आणतो. आणि मग काय करतो, तर लगेच खात नाही! आधी माझ्या उरुक शहरात नेऊन एखाद्या म्हाताऱ्यावर करून बघेन म्हणतो. वाटेत थंड पाणी दिसलं म्हणून अंघोळीला उतरतो, तेवढ्यात साप वासावर येतो, वनस्पती घेऊन जातो, आणि जाता जाता कात टाकतो. गिल्गामेश तिथेच बसून रडतो. तू राजा असतास तर लगेच खाल्ली असतीस का, हे मला लिहून पाठव.

प्रश्न: मी मराठीत फॅन्टसी कादंबरी लिहितोय. माझ्या हीरोला अमर करणारी वस्तू हवीय पण जे सुचतं ते अमृत नाहीतर अंगठी असंच होतं. काय करू? वस्तू नवीन कशी सुचते? (नवा लेखक, लातूर)

उत्तर: मला विचाराल तर वस्तू नवीन नसली तरी चालेल, अट नवीन हवी. वाचणारा वस्तू विसरतो, अट लक्षात ठेवतो. अमृताचंच घ्या. राहू देव बनून पंगतीत बसला, अमृत घशापर्यंत पोचलं आणि चक्राने मुंडकं उडालं, म्हणून डोकं अमर आणि धड मेलं. नेवाशाच्या मोहिनीराजाच्या देवळात गेलात तर तिथले लोक सांगतात की अमृताचं वाटप इथेच झालं. आता "घशापर्यंत पोचलं" एवढ्या एका तपशिलावर ती सगळी गोष्ट उभी आहे, पुढचे सगळे ग्रहणं-बिहणं त्यातूनच येतात. किंवा गरुड घ्या, तो आईला गुलामीतून सोडवायला स्वर्गातून अमृत पळवतो आणि स्वतः थेंबभरही पीत नाही, तेच बघून विष्णू खूश होतो आणि अमृताशिवायच त्याला अमर करतो. ज्या सापांसाठी कुंभ आणला ते अंघोळीला जातात, तेवढ्यात इंद्र कुंभ परत नेतो, साप येऊन दर्भ चाटतात आणि जिभा चिरतात. हे सगळं महाभारतात आदिपर्वात आहे, एकदा नीट वाचून काढा, फॅन्टसी लिहिणाऱ्याला त्याच्यासारखी शाळा नाही.

बाहेरचं बघायचं तर इंडियाना जोन्सच्या १९८९ च्या सिनेमातला पवित्र प्याला. त्याने जखमा भरतात, आयुष्य वाढतं, पण तो देवळातल्या जमिनीवरच्या मोहोरेच्या पलीकडे नेता येत नाही. म्हणजे अमर राहायचं तर त्या गुहेतच राहा! तिथला म्हातारा सरदार सातशे वर्षं तेच करतोय. अशी अट सापडली की निम्मा प्लॉट आपोआप लिहून होतो.

आणि उलटा प्रयोग करायचा असेल तर चीनची 'जर्नी टू द वेस्ट' वाचा, सोळाव्या शतकातली. त्यातलं माकड एकदा नाही, कितीतरी वेळा अमर होतं. आधी यमाच्या दरबारात घुसून वहीतलं स्वतःचं नाव खोडतं, तिथे त्याचं आयुष्य ३४२ वर्षं लिहिलेलं असतं. मग स्वर्गातल्या बागेची राखण करायला ठेवतात तर तिथली पीच फळं खातं, त्या बागेत ३६०० झाडं आणि मागच्या रांगांतली तर नऊ हजार वर्षांतून एकदा पिकणारी. मग लाओत्झू नावाच्या ऋषीच्या अमर करणाऱ्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या चघळतं. एवढं झाल्यावर त्याला मारताच येत नाही, भट्टीत ४९ दिवस ठेवून बघतात तरी नाही. मग बुद्ध काय करतो? मारत नाही, डोंगराखाली दाबून ठेवतो, पाचशे वर्षं. न मरणाऱ्याला कैद करता येतं, आणि त्याला ती सगळी भोगावी लागते. तुमच्या हीरोला जर कोणी मारूच शकत नसेल तर व्हिलनला हे सुचायला हवं.

तर बसून आधी कागदावर तीन गोष्टी लिहा. ती वस्तू कुठे ठेवलीय आणि ते आणखी कोणाला माहीत आहे. ती वापरायला रोज, दरवर्षी किंवा एकदाच काय द्यावं लागतं. आणि ती फुटली, हरवली, चोरीला गेली तर त्या क्षणी नेमकं काय होतं, हीरो जागच्या जागी मरतो, की हळूहळू म्हातारा होतो, की अश्वत्थाम्यासारखा उरतो. तिसऱ्याचं उत्तर आधी ठरवा, कारण वाचक त्या सीनसाठीच पानं उलटत असतो. वस्तूचं नाव, रंग, चमक वगैरे सगळ्यात शेवटी, ती साधी पितळी वाटी असली तरी काही बिघडत नाही. पहिली तीन प्रकरणं झाली की पाठवा, मी वाचेन.